जानेवारीची दारू, मे महिन्याचं ऊन

हसनभाई,

बातमी मला इथे कतारात, नजमा वस्तीत कळली. तुमचा पुतण्या रियाज कॅफेटेरियाच्या दाराशी उभा होता. हातात चहाचा ग्लास होता आणि तो पीत नव्हता. मला बघून म्हणाला, "दत्ताकाका, चाचा गेले." मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. तुम्ही कतार सोडून कायमचे गावी गेलात त्याला दोन वर्षं होत आली, आणि तेव्हापासून 'हसनभाई गेले, आता कॅरमला चौथा कोण' हे आम्ही इतक्यांदा म्हटलंय, की मला वाटलं हा तेच म्हणतोय. त्याने ग्लास खाली ठेवला आणि माझा हात धरला. तेव्हा कळलं.

दुपारी जेवून आडवे झालात आणि असरच्या नमाजाला उठलाच नाहीत. झुबेदाभाभी हाका मारत राहिल्या. रियाजला एवढंच माहीत होतं, आणि मीही पुढे काही विचारलं नाही. विचारायला अंगात ताकद लागते. हल्ली अशा बातम्या येतच असतात. खोलीतली माणसं चार दिवस हळू आवाजात बोलतात, मग पुन्हा भांडी कोणी घासायची यावरून सुरू होतं. मलाही इथे इतकी वर्षं झाली की रडू आलं तरी ते घशापर्यंत येऊन परत जातं. दमतं बिचारं.

शुक्रवारी कोकणातली मंडळी तुमच्यासाठी कुराण पढायला जमली. मीही जाऊन मागे भिंतीशी बसलो. नंतर जेवताना सगळे तुमच्याबद्दल बोलले. भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात, नमाज चुकली नाही. तुम्ही काय काम करत होतात असं विचारलं असतं तर सगळ्यांनी सांगितलं असतं, मेसईदच्या कारखान्यात फिटर होते. खोटं नाही. पण त्याआधी कितीतरी वर्षं तुम्ही जे काम केलंत, ते डोळ्यांनी बघितलेला त्या खोलीत मी एकटाच होतो. मला ते कुणाला सांगावंसं वाटलं नाही. हातातला घास संपवला आणि निघालो.

आपल्या दोघांचा अरबाब, म्हणजे कतरी मालक, एकच होता. तुम्ही त्याच्या बंदुका सांभाळायचात, मी गाड्या. तुम्ही हर्णैकडचे, मी खटाव तालुक्यातला. पहिल्या दिवशी तुम्ही "सातारचा काय? म्हणजे फौजेत घरातलं कोणतरी असणारच" म्हणालात. मी म्हटलं, चुलते होते. "मग बंदुकीला हात लावताना विचारशील, बरं झालं," म्हणालात, आणि तुमच्या त्या खोलीत मला बसायला स्टूल दिलंत. अरबाबच्या घरामागे ती लांबोडकी खोली होती, एसी लावलेली, खिडकीला काळा कागद. त्याला निशाणेबाजीचं वेड. परवानगीचे कागद भिंतीवर फ्रेम करून लावलेले. शुक्रवार सोडून कुठल्याही सकाळी तो मेसईदच्या वाटेवरच्या वाळूच्या रणात त्याच्या चांदमारीवर जायचा, आणि त्याच्या रायफलींची काडतुसं तुम्ही हाताने भरायचात.

मी विचारलं होतं, दुकानात तयार डबे मिळतात, मग हा खटाटोप कशाला? तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "दुकानातला सदरा सगळ्यांना होतो रे. अरबाबला शिंप्याकडचा हवाय."

काम तसं शिंप्यासारखंच होतं. झाडलेली पितळी नळकांडी गोळा करून आणायची, पुसायची, साच्यात घालून पुन्हा मापात आणायची. बुडाला नवी टोपी बसवायची, म्हणजे ठिणगी देणारी ती बारीक वाटी. मग तोलून दारू, आणि वर गोळी. बघणाऱ्याला वाटावं, यात काय आहे? दारू किती आणि कुठली, सगळं त्यात आहे, हे मला तुमच्याजवळ बसून बसून कळलं.

अरबाबने परदेशातून तीन जातींची दारू मागवली होती. एक बारीक, झटकन पेटणारी. चिमूटभरात काम करायची. अरबाबला ती आवडायची, कारण एका डब्यात खूप काडतुसं व्हायची. तुम्ही तिला हात लावला नाहीत. तुम्ही निवडलीत ती जाड दाण्याची, सावकाश जळणारी, नळकांडं जवळजवळ गळ्यापर्यंत भरून टाकणारी. मी म्हटलं, ही तर किती लागते! तुम्ही म्हणालात, "लागू दे. माझा हात चुकला नि एकात दोनदा ओतली, तर ही बाहेर सांडते. टेबलावर दिसते. ती बारीक दारू दोनदा काय, तीनदा घातलीस तरी आत लपून बसेल. चूक दिसली पायजे, दत्ता. लपता नये."

टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा उघडायचा तर पहिला झाकण लावून कपाटात गेला पाहिजे. काम संपलं की मापात उरलेली दारू परत त्याच डब्यात, दुसऱ्या दिवशीसाठी मापात ठेवायची नाही, कारण सकाळी आठवणार नाही कुठली होती ते. गोळी बसवण्याआधी सगळी नळकांडी फळीत ओळीने उभी करून टॉर्चने एकेकात डोकवायचं. मी कंटाळून जांभई द्यायचो. तुम्ही टॉर्च माझ्या हातात द्यायचात. "तू बघ आता. माझे डोळे माझ्यावर विश्वास ठेवतात, तुझे ठेवणार नायत."

आणि ते खालून वर चढणं! दारू बनवणाऱ्याच्या पुस्तकात कमीत कमी आणि जास्तीत जास्त असं दोन्ही लिहिलेलं असायचं. तुम्ही कायम कमीपासून सुरू करायचात. थोडी काडतुसं भरायची, रणात जाऊन झाडायची, परत आणलेली नळकांडी भिंगाखाली धरायची. टोपी चपटी झाली का? बुडाला चकाकी आली का? रायफलच्या नळीमागचा बोल्ट उचलताना हाताला जड लागला का? जोर जास्त झाल्याची यातली एकही खूण नसेल, तरच किंचित वाढवायचं. पुस्तकातल्या वरच्या आकड्याच्या बऱ्याच अलीकडे तुम्ही थांबायचात. बरं, मध्येच गोळी दुसऱ्या जातीची आली, की टोपी दुसऱ्या कंपनीची आली, की झालं, पुन्हा तळापासून. मी एकदा वैतागून म्हटलं, "पुन्हा पहिलीत बसायचं?" तुम्ही म्हणालात, "तुझी आई नव्या ज्वारीच्या पिठात जुन्या मापाने पाणी घालते काय? थापून बघते ना आधी?" माझी आई हे ऐकून खूश झाली असती.

'दारू' या शब्दाने आपली जी गंमत केली ती आठवते का? कॅफेटेरियात बसून तुम्ही मला सांगत होतात, "उद्या नवी दारू येतेय, जुनीपेक्षा जरा कडक हाय, बेताने घ्यायला लागेल." मागच्या टेबलावर आमच्या खोलीतला कोल्हापूरचा सुतार. तो लगबगीने उठून आला, तुमच्या दाढीकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, आणि माझ्या कानात म्हणाला, "चाचांच्याकडं मिळती व्हय? आमाला पण जरा बघा की." तुम्ही इतके हसलात की चहा नाकात गेला. नंतर कितीतरी महिने तो तुम्हाला लांबून सलाम करायचा, आशा सुटली नव्हती त्याची.

तुमची ही एवढी काळजी कुठून आली ते तुम्ही एकदाच सांगितलंत. अरबाब कुणाच्या तरी मजलिसीत, बैठकीच्या खोलीत, बसला होता, आपण बाहेर गाडीत. ऊन असं की स्टिअरिंगला हात लावू नये. तुम्ही समोर बघत सांगत होतात. गावी तुमचे वडील ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. भाताच्या शेतात रानडुकरं उतरतात, म्हणून बऱ्याच घरांत परवान्याची ठासणी असायची. काळी दारू नळीतून वरून ओतायची, बोटांच्या मापाने, चार बोटं, पाच बोटं. तुमच्या थोरल्या भावाला, उस्मानला, मुंबईच्या कुणी पाहुण्याने बिनधुराची दारू आणून दिली. काडतुसं फोडून काढलेली. दिसायला तशीच, काळपट दाणे, जोर मात्र कितीतरी पट. उस्मानने नेहमीच्या बोटांनी मोजून घातली.

"नळी केळीच्या सालीसारखी उकलली," तुम्ही म्हणालात. "मेला नाय तो. डावा हात गेला, अंगठा तेवढा राहिला. पण होडीवर परत गेला नाय. जाळं ओढायला दोन हात लागतात." आणि मग, "त्या पाहुण्याने मुद्दाम नाय केलं. चांगल्या मनाने दिली होती."

तो विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत.

आता भांडणाकडे येतो. आपलं एकच भांडण होतं, पण ते पुरून उरलं.

अरबाबचा एक जुना दोस्त होता, शेजारच्या मुलखातला, तोही तसाच वेडा. दोघांनी ठरवलं की जानेवारीत सामना करायचा. तुम्ही थंडीत महिनाभर खपून, नेहमीपेक्षा जरा वर चढून, एक भरणी, म्हणजे दारूचं नेमकं माप, बसवलीत. काय काडतुसं होती ती! अरबाबने कागदावर गोळीत गोळी मारली. रणात नाचायचा राहिला होता. त्याने तुमच्या खांद्यावर हात ठेवला, तो मी बघितला. मग दोस्त आजारी पडला, सामना पुढे गेला, आणि पुढे जाता जाता मे महिन्यावर येऊन पडला.

एप्रिल संपताना एका सकाळी मी खोलीत आलो तर तुम्ही ती जानेवारीची काडतुसं एकेक करून उघडत होतात. गोळी काढायची, दारू ओतून घ्यायची. मला वाटलं डोकं फिरलं. "हसनभाई, अवो काय करताय? झाडून बघितलेली आहेत ती! टोपी चपटी नाही, बोल्ट जड नाही, तुम्हीच म्हणालात."

"जानेवारीत म्हणालो."

"दारू तीच ना?"

"दारू तीच. ऊन ता नाय." तुम्ही डोकं वर केलं नाहीत. "दारू तापली की जोर वाढतो तिचा. थंडीत ती काठाजवळ होती. मेमधी काठावरून जाईल."

मी गाड्यांचा माणूस. मला वाटलं यात मलाही कळतं. म्हटलं, उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून आपण पेट्रोल कमी घालतो का? तुम्ही म्हणालात, "तुझ्या इंजिनाला रेडिएटर हाय. काडतुसाला कुठं हाय?" मी म्हटलं, बर्फाच्या पेटीत ठेवू काडतुसं. तर म्हणे, पेटीतून काढून तापलेल्या नळीत घातलं, आणि अरबाब नेम धरत बसला, की आतल्या आत शिजतं ते. शिवाय गार काडतूस बाहेर काढलं की ओल धरतं. तुमच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं. मला त्याचाच राग यायचा.

तुम्ही दारू कमी करून सगळी पुन्हा भरलीत. आणि अरबाबला निरोप दिलात की गोळी आता जरा हळू जाईल, खाली उतरेल, तेव्हा दुर्बीण नव्याने लावून घ्यायला हवी, चार सकाळी सराव करावा. त्याला कामासाठी बाहेरदेशी जावं लागलं. तो आला सामन्याच्या आदल्या दिवशी. एक सकाळ झाडून बघितली आणि सरळ खोलीत आला. मी दाराशी होतो.

"हसन, जानवरी वाला गोली किधर है?"

"खोल दिया, अरबाब. गरमी में उसका जोर बढ़ता."

"ये गोली धीरे जाता. थोड़ा जास्ती डालो. बस, थोड़ा."

"इससे जास्ती नहीं जाएगा."

"मैं बोलता है. तुम डालो."

तुम्ही हात पुसलेत. ते हळू, शांत पुसणं मला अजून दिसतं. "अरबाब, आप बंदूक चलाता तो आपका आंख बोल्ट के पीछे होता. दूसरा आदमी से डलवाओ. मेरा हाथ से नहीं होगा."

तो तुमच्याकडे बघत राहिला. मग "खलास" म्हणून निघून गेला. त्याला तसं नाही म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

सामना त्याने थोडक्यात घालवला. जवळच्या निशाणांवर बरोबरीत होता. लांबच्या निशाणावर वारा सुटला, तुमची हळू गोळी वाऱ्याने ढकलली, शेवटच्या गोळ्या काळ्या गोलाच्या बाहेर. दोस्ताने त्याला मिठी मारली आणि हसत काय म्हणाला ते त्याच्या ड्रायव्हरने मला सांगितलं, "तुझी गोळी झोपेत चालते." सगळे हसले. अरबाबही हसला. पण परतताना गाडीत बसताच त्याने मला रेडिओ बंद करायला सांगितलं. तुम्ही माझ्या शेजारी पुढे बसला होतात, मांडीवर रायफलची पेटी. मी आरशात बघायचं टाळलं.

तो तुम्हाला रागावला नाही. खोलीत यायचाच बंद झाला. थोड्या आठवड्यांनी तुम्ही मेसईदच्या कारखान्यात गेलात. तुम्ही सुटका मागितली की त्याने दिली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कागदावर त्याने मुकाट सही केली एवढं खरं. तुमच्या खोलीला कुलूप लागलं. दुसरा उस्ताद आला तो फक्त बंदुका पुसायला. काडतुसं दुकानातल्या डब्यातली. मला वाटलं, तुमच्या कामाचा एवढा वीट आला याला, की ते टेबलसुद्धा नजरेसमोर नको.

मग सुरू झाले आपले शुक्रवार. तुम्ही कंपनीच्या बसने नजम्यात यायचात, जुम्म्याची नमाज, मग आमच्या खोलीवर जेवण, कॅरम, आणि भांडण. मी म्हणायचो, किंचित वाढवली असतीत तर काही झालं नसतं. तुम्ही म्हणायचात, नसतंच झालं कदाचित.

"मग?"

"मग काय? न झालेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणू मी?"

"तुमचं काम गेलं की हो."

"त्याचा डोळा राहिला."

"तो जाणारच होता हे कशावरून?"

"तेच तर सांगतोय. कशावरूनच नाय." आणि सोंगटी मारायचात. तुम्ही रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं. कारखान्याच्या पाळ्यांनी तुम्ही वाळत चालला होतात. जे हात भिंगाखाली टोपीची चकाकी बघायचे, ते दिवसभर पाइपांच्या फ्लँजचे बोल्ट आवळायचे. मला ते सहन व्हायचं नाही, म्हणून मी भांडायचो. हे तेव्हा सांगता आलं नाही. पुरुषांना कॅरम खेळताना असलं बोलता येत नाही.

पण माझे वडील गेले तेव्हाचं मात्र लिहायलाच हवं. मला सुट्टी मिळाली नाही. दहाव्या दिवशी तुम्ही पाळी बदलून आलात. "तुमच्यात आज काय करतात?" विचारलंत. मी सांगितलं, भाताचा पिंड ठेवतात, कावळा शिवावा लागतो. तुम्ही स्वतः भात शिजवलात. आपण समुद्राकाठी गेलो, धक्क्याच्या पुढे, जिथे दगड टाकलेले होते. कावळा कुठला मिळायला? मी भाताकडे बघत उभा. मग पांढरे समुद्रपक्षी आले, कलकलाट करत, आणि एकाने उचलला घास. तुम्ही माझ्याकडे बघून अगदी अजिजीने म्हणालात, "कावळा नाय, पण भुकेला हाय. चालेल ना रे?"

चाललं, हसनभाई. माझ्या वडिलांना नक्की चाललं. मी त्या दिवशी तुम्हाला धन्यवादही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही संकोचला असतात.

तुम्ही निघालात त्या दिवशी विमानतळावर आपण काय बोललो? सामानाचं वजन. तुम्ही घरून तोलून आणलं होतं, वर थोडी मोकळीक ठेवून. मी म्हटलं, अजून एक घोंगडी बसली असती. "बसली असती," म्हणालात. "पण मग काटा काय म्हणतो याची धाकधूक." आत गेलात. मागे वळून बघितलंत की नाही ते गर्दीत मला दिसलं नाही.

तुमची बातमी अरबाबला सांगायची होती. तो आता म्हातारा झालाय, गुडघे धरलेत, बंदूक हातात घेत नाही. शनिवारी सकाळी तो मजलिसीत एकटा होता. मी सांगितलं. त्याने 'इन्ना लिल्लाही' म्हटलं आणि मला बसायची खूण केली. त्याच्यासमोर मी कधी बसलो नव्हतो. मग त्याने जे सांगितलं ते त्याच्याच हिंदीत अर्धवट, अडखळत सांगितलं. मी तुम्हाला सरळ सांगतो.

जानेवारीच्या काडतुसांची एक पेटी त्याच्या कपाटात राहिली होती. तुम्हाला माहीत नव्हतं. सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, रागात, ती पेटी गाडीच्या पुढच्या सीटवर टाकून तो भर दुपारी एकटाच चांदमारीवर गेला. तुम्ही भेकड आहात हे त्याला स्वतःला दाखवायचं होतं. पहिली गोळी काळ्याच्या मधोमध बसली. तो एकटाच मोठ्याने हसला. दुसरी झाडली तेव्हा तोंडावर गरम वाफेचा झोत आला आणि बोल्ट जाम झाला. डोळ्यांवर उन्हाचा चष्मा होता, त्याची काच काजळली, गालावर बारीक काळे ठिपके. बुटाच्या टाचेने ठोकून ठोकून त्याने बोल्ट उघडला. नळकांड्याचं बूड फुगलं होतं, टोपी जागेवर नव्हती. तो वाळूत बसून राहिला. बाकीची काडतुसं त्याने समुद्रात टाकली.

मी विचारलं, "हसन को बोला क्यों नहीं?"

"कौन सा मुंह से बोलता?" तो म्हणाला. "सोचता था, कल बोलेगा. कल बोलेगा. फिर वो इंडिया चला गया." आणि मग म्हणाला, "इसलिए रूम बंद किया. दूसरा किसी का हाथ का गोली मैं कैसे चलाता?"

इतकी वर्षं मी त्या कुलपाचा उलटा अर्थ लावत होतो.

त्याला भाभींशी बोलायचं होतं. रियाजला बोलावून घेतलं, त्याने तुमच्या शेजारच्या घरी फोन लावला, बऱ्याच खटपटीनंतर भाभी लाइनवर आल्या. अरबाबने फोन घेतला. "सलाम अलैकुम, बहन," म्हणाला, आणि त्याच्याच्याने पुढे बोलवेना. फोन माझ्याकडे दिला. "तुम बोलो. बोलो, मॅच में हसन सही था."

मी म्हटलं, "भाभी, मी दत्ता. मालक म्हणतायत, त्या सामन्याच्या वेळी हसनभाईंचं बरोबर होतं."

पलीकडे खरखर. मग भाभी म्हणाल्या, "कसला सामना?"

मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमाला काय म्हाईत नाय ओ. हे तर म्हणाले, मालकाचं मन भरलं निशाणेबाजीनं, म्हणून काम बदललं. लय चांगला माणूस, म्हणायचे. कधी उलटा शब्द नाय बोलला मला."

अरबाब माझ्या तोंडाकडे बघत होता. "क्या बोला? क्या बोला?" मी सांगितलं, जसंच्या तसं. त्याने डोक्यावरच्या गुत्र्याचं टोक डोळ्यांना लावलं. मग हात पुढे करून फोन मागून घेतला आणि एकेक शब्द सावकाश म्हणाला, "नहीं, बहन. मेरा मन नहीं भरा था. मैं हार गया था. गुस्सा था. तुम्हारा आदमी ने मेरा आंख बचाया."

भाभींना त्याचं हिंदी कळलं असावं, कारण त्या रडायला लागल्या. त्याने फोन पुन्हा माझ्याकडे दिला. भाभी म्हणाल्या, "दत्ताभाऊ, आता हे ह्यांना कोण सांगणार?"

मी म्हटलं, "मी सांगतो, भाभी."

का म्हटलं, कुणास ठाऊक. दमलो होतो, दुसरं काही सुचलं नाही. पण म्हटलं ते म्हटलं. तेव्हा ऐका, हसनभाई. माणूस म्हातारा झालाय, चालताना काठी लागते. पण परवा त्याने चष्म्याशिवाय घड्याळ बघून मला सांगितलं की जुहरच्या नमाजाची वेळ झाली. दोन्ही डोळे चांगले आहेत त्याचे. तुमचं बरोबर होतं.